दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा टिक होतो (एफएमजीईची तयारी)

बिश्केक_ते_बीड

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाते. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून वैद्यकीय पदवी घेऊन आलेय आणि सध्या घरी एफएमजीईची तयारी चालू आहे. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्या भारतीयांना इथे नोंदणी मिळण्याआधी ही परीक्षा पास व्हावी लागते. दिल्लीचं एनबीईएमएस (वैद्यकीय परीक्षांचं राष्ट्रीय बोर्ड) ती वर्षातून दोनदा घेतं. एकाच दिवशी ३०० प्रश्न, सकाळी १५० आणि दुपारी १५०. प्रत्येकाला चार पर्याय. १५० बरोबर आले की सुटलो, १४९ आले की सहा महिने परत तेच. चुकीच्या उत्तराचे गुण मात्र कापत नाहीत.

अडचण अशी की लेक्चर्स झालीत, नोट्सची उजळणी झालीय, आणि तरी ग्रँड टेस्टचा (पूर्ण सराव परीक्षेचा) आकडा १३०-१४० च्या पुढे सरकत नाही. प्रश्न अगदीच अनोळखी असतात असंही नाही. विषय वाचलेला असतो, दोन पर्याय पटकन बाद करते, उरलेल्या दोनांत अडकते आणि टिक केलेला नेमका चुकीचा निघतो. बाबा म्हणतात अजून वाच. टेलिग्रामवरचे सर म्हणतात दिवसाला २०० एमसीक्यू (पर्यायी प्रश्न) मार. दोन्ही करून बघितलं. इथे कोणी ही परीक्षा दिलेले किंवा शिकवणारे असतील तर सांगा, नक्की बदलायचं काय?

आईची_माया_जॉर्जिया

वाचतेय गं. माझी लेक तिबिलिसीत चौथ्या वर्षाला आहे. आम्हा दोघांनाही यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे धाग्यावर बसून राहणार.

पक्या_दावाओवाला

मी सुटलोय, आता जिल्हा रुग्णालयात इंटर्नशिप करतोय. आधी हिशोब बघ, कारण आपल्यातले निम्मे लोक हा हिशोब न बघताच ॲनाटॉमीत सहा-सहा आठवडे घालवतात.

ॲनाटॉमी, फिजिओ, बायोकेम प्रत्येकी १७. पॅथो, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३. फॉरेन्सिक १०. झाले १००. उरलेले २०० क्लिनिकल: मेडिसिन ३३, सर्जरी ३२, ओबीजी (प्रसूती-स्त्रीरोग) ३०, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) ३०, पेडिया (बालरोग) १५, डोळे १५, ईएनटी (कान-नाक-घसा) १५. शिवाय सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, ऑर्थो, ॲनेस्थेशिया आणि रेडिओलॉजी यांना प्रत्येकी ५.

डोळे आणि ईएनटी मिळून ३० गुण, म्हणजे जवळपास सर्जरीएवढे. पुस्तकाची जाडी मात्र एक चतुर्थांश. पेडिया आणि ईएनटीला सारखेच गुण आहेत हे पाहून मला हसूच आलं होतं. पीएसएमचे ३० तर आपण बाहेरून आलेल्यांनी सोन्यासारखे जपायला हवेत, कारण तो विषय तिकडे कोणी भारतातला म्हणून शिकवतच नाही. आशाताई किती लोकसंख्येमागे एक, उपकेंद्र किती लोकांसाठी, हे फिलिपिन्समधल्या दावाओत मला कोण सांगणार होतं?

एमसीक्यूचं तंत्र वगैरे नंतर. आधी वेळ कुठे जातोय ते बघ.

स्पष्टवक्ता_बारामती

कोणाला राग आला तरी चालेल पण बोलतो. नीटला गुण कमी पडले म्हणून बापाच्या पैशावर बाहेर जायचं आणि मग परीक्षा कठीण म्हणून रडायचं. परीक्षा आहे तीच बरी आहे. पाचातले चार नापास होतात ते उगाच का?

गणित_मास्तर_सांगली

स्पष्टवक्ते, तुमचा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देऊ, पण गणित म्हणून चांगला आहे. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं.

चार पर्याय आहेत आणि गुण कापत नाहीत. समजा एखाद्याला १०० प्रश्न पक्के येतात. उरलेल्या २०० ला त्याने डोळे मिटून एकच अक्षर टिक केलं तर सरासरी ५० बरोबर येणार. झाले १५०. नशीब सहा-एक गुण इकडेतिकडे करेल, म्हणजे पास की नापास ते जवळजवळ छापा-काटा. आता पक्के ११० धरा: सरासरी १५७ च्या पुढे जाते आणि नापास व्हायची शक्यता दहातून एखादी उरते.

म्हणजे ३०० पैकी ११० पक्के येणारा माणूस बहुधा पास व्हायला हवा. प्रत्यक्षात २०२५ च्या जून सत्रात (पेपर झाला २६ जुलैला) पास झाले १८.६१ टक्के. इतकी वर्षं शिकून आलेल्या बाकीच्यांना एक तृतीयांश पेपरही येत नाही, हे मला पटत नाही. माझा संशय वेगळा आहे. बरेचसे 'पक्के' पक्के नसतात आणि अर्धवट येणाऱ्या प्रश्नांत माणूस नाण्यापेक्षा वाईट कामगिरी करतो.

बिश्केकताई, संशय तपासायला तुमची मदत हवी. पुढच्या टेस्टला प्रत्येक प्रश्नासमोर कच्च्या कागदावर एक अक्षर लिहा. 'प' म्हणजे पक्कं, 'द' म्हणजे दोनांत अडकले, 'अं' म्हणजे निव्वळ अंदाज. निकाल आला की तिन्ही गट वेगवेगळे मोजा. एकूण गुणांवरून काहीच कळत नाही.

प्रशासक

परदेशात का जावं, नीट, आरक्षण, फी वगैरे चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथे तयारीबद्दलच लिहावे. दोन प्रतिसाद हलवले आहेत.

डॉ_रानजाई

मास्तरांचं म्हणणं मनापासून पटलं. मी पीएसएम शिकवते आणि कॉलेजचे पेपर काढते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते.

प्रश्न काढताना बरोबर उत्तर लिहायला अर्धं मिनिट लागतं. खरं काम असतं बाकीच्या तीन पर्यायांचं. ते आम्ही आणतो कुठून? मुलांच्याच चुकांतून. तोंडीला दर वर्षी तीच चुकीची उत्तरं येतात, तीच पर्याय म्हणून बसवायची. म्हणजे अर्धवट वाचलेल्याला जे उत्तर 'आठवतं', ते त्याच्यासाठीच तिथे ठेवलेलं असतं. काहीच न वाचलेला माणूस त्या जाळ्यात पडत नाही, कारण त्याला चारही पर्याय सारखेच दिसतात.

एक प्रश्न देते, सोडवून बघा.

जन्मापासून एकही लस न मिळालेलं, ९ महिने पूर्ण झालेलं बाळ आज लसीकरण सत्रावर आलंय. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार यातलं काय देणार नाही?
अ) बीसीजी (क्षयरोगाची लस) ब) पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस) क) एमआर (गोवर-रुबेला) ड) हिपॅटायटिस बी चा जन्मडोस

पक्या_दावाओवाला

आमच्या इंटर्नच्या ग्रुपवर टाकला. अर्धी जनता बीसीजीवर. "बीसीजी जन्मताच देतात ना, आता कसली देताय" म्हणे.

डॉ_रानजाई

हेच ते. 'बीसीजी जन्माच्या वेळी' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण जन्माच्या वेळी राहिली तर एक वर्षापर्यंत देता येते, ही पुढची ओळ पाठ नसते. हिपॅटायटिस बी चा जन्मडोस २४ तासांच्या आत, पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांच्या आत. नंतर हिपॅटायटिस बी पेंटामधूनच मिळते. उत्तर ड.

आता महत्त्वाचं. हा प्रश्न चुकला तर माझी बहुतेक मुलं काय करतात? वहीत लिहितात, 'हेप बी जन्मडोस २४ तास'. झालं. पण चूक तिथे नव्हतीच. चूक बीसीजीच्या बाबतीत होती आणि ती तशीच शिल्लक राहते. पुढच्या खेपेला प्रश्न थोडा फिरवून आला की पुन्हा तोच खड्डा. चुकलेल्या प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहू नका. आपण टिक केलेला पर्याय आपल्याला का पटला ते एका ओळीत लिहा. ती ओळ लिहायला जड जाते, म्हणून कोणी लिहीत नाही.

दिवसाला २०० सोडवण्याबद्दल: २०० सोडवून असं तपासायला दिवस पुरणारच नाही. ५०-६० सोडव आणि सोडवण्याच्या दुप्पट वेळ तपासण्यात घाल.

लीड्सकर

इकडे ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या डॉक्टरांना प्लॅब द्यावी लागते. तिच्या पहिल्या भागाला १८० प्रश्न, तीन तास आणि पाच पर्याय असतात. पास व्हायचा आकडा पेपरच्या काठिण्यावर ठरतो, दर वेळी थोडा बदलतो. तुमचा १५० म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाकी दुखणं सगळीकडे तेच.

क्लिनिकल प्रश्नांबद्दल एक सांगतो. आधी शेवटची ओळ वाचायची. विचारलंय काय: निदान, पहिली तपासणी, निदान पक्कं करणारी तपासणी, की लगेच करायची कृती? चारही पर्याय एकाच रुग्णाच्या बाबतीत खरे असू शकतात, फक्त क्रम वेगळा असतो. उदाहरण घ्या:

६० वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखतंय, ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेलं. रक्तदाब ८४/५०, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुफ्फुसं स्वच्छ. लगेच काय द्याल? नायट्रोग्लिसरीन, फ्युरोसेमाइड, शिरेतून सलाइन, की मेटोप्रोलॉल?

हार्ट अटॅक दिसला की नायट्रेट ही पाठांतराची उडी. पण इथे उजव्या वेंट्रिकलला मार बसलाय. नायट्रेट दिलं तर हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटेल आणि रक्तदाब कोसळेल. उत्तर सलाइन. 'फुफ्फुसं स्वच्छ' हे दोन शब्द उगाच लिहिलेले नसतात. एमसीक्यूत फुकटची माहिती फार क्वचित असते.

कोकणकडा

रायगडात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर आहे. रानजाई मॅडमनी सांगितलं त्यात आमच्या जुन्या सरांची एक खोड जोडतो. प्रश्न सुटला तरी सोडायचा नाही. उरलेल्या प्रत्येक पर्यायासाठी विचारायचं: प्रश्नात काय बदललं असतं तर हा बरोबर ठरला असता?

आमच्या भागातलंच घ्या. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठला तो पोट दुखतंय म्हणत. पापण्या मिटताहेत, गिळता येत नाही. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही. नाग, मण्यार, घोणस की फुरसं? मण्यार. आता बदला. चावल्या जागी सूज आणि वेदना असती, आणि पापण्याही पडल्या असत्या, तर नाग. सूज, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी झालेली, वीस मिनिटांनी नळीतलं रक्त गोठलेलं नाही, तर घोणस. फुरशातही रक्त गोठत नाही, पण मूत्रपिंडाला मार बसण्यासाठी घोणस जास्त कुप्रसिद्ध. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनचा चांगला उपयोग होतो, मण्यारीत फारसा होत नाही, कारण तिचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. एका प्रश्नाचे चार प्रश्न झाले, तेही नवीन क्यूबँक (प्रश्नसंच) न विकत घेता.

अवांतर: विंचूदंशावर प्राझोसिन हे उत्तर जगभरच्या पुस्तकांत गेलं ते आमच्या महाडहून, डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे. हा प्रश्न चुकवून कोकणात यायचं नाही.

आईची_माया_जॉर्जिया

अहो हे भलतंच रंगलंय. कळत काही नाही, पण मण्यारीचं कळलं. आमच्या गावीही खाटेवर झोपा म्हणूनच सांगतात.

बिश्केक_ते_बीड

रविवारची ग्रँड टेस्ट झाली. मास्तर, तुम्ही सांगितलं तशी अक्षरं लिहिली. निकाल:

प: ११८ पैकी ८४ बरोबर
द: १०४ पैकी ३७ बरोबर
अं: ७८ पैकी १९ बरोबर

एकूण १४०. नेहमीप्रमाणेच.

गणित_मास्तर_सांगली

वा! अंदाजात ७८ पैकी १९, म्हणजे बरोबर पाव. दैव तुमच्यावर रुसलेलंही नाही आणि प्रसन्नही नाही. पण 'द' बघा. दोनांत नाणं उडवलं असतं तर १०४ पैकी ५२ आले असते. तुमचे ३७. नाण्यावर सोडलं असतंत तर १५५, म्हणजे पास!

आणि 'पक्क्या' ११८ मधले ३४ चुकले, ते वेगळंच.

डॉ_रानजाई

मास्तर, थांबा. १०४ मध्ये नाण्याने ५२ तेव्हाच येतील, जेव्हा बरोबर उत्तर प्रत्येक वेळी उरलेल्या दोनांत असेल. तिने आधीच बाद केलेल्या दोनांत ते असेल तर नाणं काय करणार? बिश्केकताई, तू बाद केलेले पर्याय कागदावर दिसतात का?

बिश्केक_ते_बीड

हो मॅडम, मी कागदावर अ ब क ड लिहून काट मारत जाते. मोजलं. १०४ पैकी २१ वेळा बरोबर उत्तरावरच काट मारली होती.

गणित_मास्तर_सांगली

मग चित्र फिरलं. उरले ८३, त्यात ३७ बरोबर. नाणंही ४१-४२ देईल. म्हणजे शेवटच्या दोनांत तुमचं नाण्याइतपतच चाललंय, त्याहून वाईट नाही. खरी गळती आधीची आहे. जिथे तुम्ही म्हणता 'दोन पटकन बाद करते', तिथे.

डॉ_रानजाई

आणि 'पक्के' म्हणून चुकलेले ३४. दोन्ही मिळून ५५ प्रश्न, जिथे मनात शंकाही आली नाही आणि उत्तर गेलं. यातले २० सुधारले तरी तू १६० वर आहेस. नवीन काही वाचू नकोस. फक्त या ५५ ची यादी कर आणि प्रत्येकापुढे लिही की का पटलं.

बिश्केक_ते_बीड

दोन संध्याकाळी लागल्या. सगळी यादी इथे टाकत नाही, पण ढीग साधारण असे पडले.

एक मोठा ढीग 'पहिलं काय' वाल्या प्रश्नांचा. रक्ताची उलटी म्हटलं की एंडोस्कोपी टिक करते, पण विचारलेलं असतं पहिलं पाऊल, म्हणजे श्वासमार्ग आणि सलाइन. टेन्शन न्यूमोथोरॅक्सला (छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबतं तेव्हा) छातीचा एक्स-रे, जेव्हा आधी सुई घालायची असते.

दुसरा ढीग जुन्या माहितीचा. माझ्या नोट्स सीनियरकडून आलेल्या, त्यात बरंच बदललंय. फॉरेन्सिकची कलमं तर सगळी जुनीच.

तिसरा ढीग पीएसएमचा. तिकडे क्षयरोग फुफ्फुसाचा आजार म्हणून शिकले, कार्यक्रम म्हणून नाही.

लीड्सकर

टेन्शन न्यूमोथोरॅक्सवर आलीच आहेस तर: सुई कुठे? बऱ्याच नोट्समध्ये दुसरी बरगडीमधली जागा लिहिलेली असते. एटीएलएसच्या (गंभीर जखमींच्या उपचारांचा अभ्यासक्रम) दहाव्या आवृत्तीपासून मोठ्या माणसात चौथी-पाचवी जागा, मध्य-काखरेषेच्या किंचित पुढे. लहान मुलांत दुसरीच. वय वाचल्याशिवाय टिक करायचं नाही.

वकीलीणबाई_नांदेड

कलमांचं माझ्याकडे सोपवा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. हत्येची शिक्षा ३०२ ची १०३ झाली. निष्काळजीपणाने मृत्यू ३०४-अ चं १०६, हुंडाबळी ३०४-ब चं ८०, बलात्काराची व्याख्या ३७५ ची ६३, गंभीर दुखापत ३२० ची ११६. पोलीस पंचनामा फौजदारी प्रक्रियेच्या १७४ मधून नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ मध्ये गेला, आणि मृत्युपूर्व जबाब पुरावा कायद्याच्या ३२ मधून साक्ष अधिनियमाच्या २६ मध्ये. प्रश्नात कुठल्या कायद्याचं नाव लिहिलंय ते आधी वाचा. जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही पर्यायांत असले तर नवल नको.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झालीय, तीही जुन्या नोट्समध्ये नसेल. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ.

डॉ_रानजाई

वकीलीणबाई, तुम्हाला आमच्या फॉरेन्सिक विभागात घेतो.

पीएसएममधलं बदललेलं मी सांगते. क्षयरोग कार्यक्रमाचं आरएनटीसीपी हे नाव २०२० ला गेलं, आता एनटीईपी. औषधं रोज, दोन महिने चार आणि नंतर चार महिने तीन. नंतरच्या टप्प्यात इथॅम्ब्युटॉल चालू राहतं. जुन्या पुस्तकांत आणि बाहेरच्या अनेक ठिकाणी तिथे दोनच औषधं असतात, पर्यायांतही तेच ठेवलेलं असतं. क्षयरुग्णांच्या पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. अंशमात्रेतली पोलिओची सुई ६ आणि १४ आठवड्यांना होती, २०२३ पासून तिसरी ९ महिन्यांना. आरोग्य उपकेंद्र मैदानी भागात ५,००० लोकसंख्येला, डोंगराळ-आदिवासी भागात ३,०००. प्राथमिक केंद्र ३०,००० आणि २०,०००. आशा हजाराला एक.

हे पाठच करायचं, त्यात तर्क लढवायला काही नाही. तर्क लागतो तो स्क्रीनिंग चाचण्यांच्या गणितांना, आणि त्यात बाहेरून आलेली मुलं कमी पडतात असा माझा तरी अनुभव नाही.

नवखा_विद्यार्थी

दादा-ताई, गेल्या वेळच्या पेपरचे रिकॉल (आठवणीतून लिहिलेले प्रश्न) पीडीएफ कोणाकडे आहेत का? टेलिग्रामवर एक जण पैसे घेऊन देतोय, खात्रीचे म्हणतो.

पक्या_दावाओवाला

एनबीईएमएस पेपर प्रसिद्ध करत नाही आणि परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याचं तू स्वतः मान्य केलेलं असतं. पुढचा पेपर खात्रीने देतो म्हणणारा सरळसरळ भामटा, त्यांच्याबद्दल बोर्डही वेळोवेळी सूचना काढतं. पैसे वाचव. मागच्या वर्षांचे 'कुठल्या विषयावर आलं होतं' एवढंच वाचायचं असेल तर ते कुठल्याही ॲपवर असतं, आणि त्यातली उत्तरंही बऱ्याचदा आठवणीतून लिहिलेली, चुकीची असतात.

बिश्केक_ते_बीड

अजून एक विचारायचं राहिलं. अडलेला प्रश्न मार्क करून शेवटी परत यायचं, असं सगळे सांगतात. पण आता पेपर तुकड्यांत असतो ना?

पक्या_दावाओवाला

हो. सकाळचे १५० म्हणजे ५० चे तीन भाग, प्रत्येकाला ५० मिनिटं. वेळ संपली की तो भाग बंद, मागे जाता येत नाही, आणि वेळ संपायच्या आधी पुढच्या भागात उडीही मारता येत नाही. त्यामुळे 'शेवटी' म्हणजे त्याच ५० च्या शेवटी. मी साधारण ४० मिनिटांत पहिली फेरी संपवायचो आणि उरलेली मिनिटं मार्क केलेल्यांना द्यायचो. पहिल्याच फेरीत प्रत्येकाला काहीतरी टिक केलेलं असायलाच हवं. रिकामा प्रश्न म्हणजे पाव गुण फेकून देणं.

तुझ्या मॉक (सराव परीक्षा) सलग अडीच तासांच्या असतील तर त्या ५०-५० मध्ये तोडून दे. सवय वेगळी लागते. दोन पेपरांच्या मध्ये अडीच तास असतात, तेव्हा बाहेर पोरं उत्तरं जुळवत उभी असतात. त्यांच्यापासून लांब, डबा खा, डोळे मीट.

लीड्सकर

दुसऱ्या फेरीत उत्तर बदलावं का, हे लगेच कोणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो. 'पहिलं मनात आलं तेच ठेव' हा सल्ला सगळीकडे चालतो, पण यावर जे अभ्यास झालेत ते बहुतांशी उलट सांगतात. बदललेली उत्तरं चुकीकडून बरोबरकडे जाण्याचं प्रमाण उलट दिशेपेक्षा जास्त असतं. बदलून चुकलेला प्रश्न जन्मभर टोचतो आणि बदलून बरोबर आलेला आठवतही नाही, म्हणून समज उलटा होतो. प्रश्नात काही नवीन दिसलं तर बदल. नुसती धाकधूक वाटतेय म्हणून बदलू नकोस.

गणित_मास्तर_सांगली

तेही मोजता येईल. बदलले की कागदावर बाण काढायचा.

पक्या_दावाओवाला

मास्तर, तुम्ही एफएमजीई द्याच आता.

आईची_माया_जॉर्जिया

एक विचारू? लेकीने आत्तापासून काय करावं? ती म्हणते ॲपची वर्गणी घे, मैत्रिणींनी घेतलीय. नंतर लागणारच आहे तर आत्ताच घेऊ का?

डॉ_रानजाई

चौथ्या वर्षाला वर्गणीची घाई नको, मुदत संपून जाते. तिकडे जो विषय चालू आहे त्याचेच प्रश्न त्या आठवड्यात सोडवायचे, म्हणजे वाचलेलं आणि विचारलेलं यांची गाठ तिथल्या तिथे पडते. सुट्टीत आली की मात्र पुस्तकं बाजूला ठेवून गावच्या आरोग्य केंद्रात पाठवा. लसीकरणाचं एक सत्र नीट बघितलं की लसीची बाटली, तिच्यावरचा रंग बदलणारा चौकोन, बर्फाची पेटी, कुठली सुई दंडात आणि कुठली मांडीत, कुठली पिशवी पिवळी आणि कुठली लाल, हे परत पाठ करावं लागत नाही. माझ्या मते त्या एका सकाळीतून पीएसएमचे चार-पाच प्रश्न सुटतात.

कोकणकडा

कुठल्याही केंद्रात मेडिकल ऑफिसरना भेटून रीतसर विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. बघायला बसायचं, हात लावायचा नाही. सत्राचा वार गावागणिक वेगळा असतो. आशाताईंना विचारा, त्यांना तोंडपाठ असतो.